केंकरे डॉक्टरांचा दवाखाना

विमान रात्री सव्वानऊचं
आणि खोली अकरालाच सोडायची.
मधल्या तासांत मी कुणाचीच नव्हते,
ना पाहुणी, ना प्रवासी.

एर्मेलिंदाबाईंनी बॅग जिन्याखाली ठेवून घेतली,
शिवणयंत्राच्या आणि मोडक्या पंख्याच्या मधे.
चादरी मोजल्या,
किल्ली सहा नंबरच्या खिळ्याला टांगली.
पाच दिवस तो खिळा माझ्यामुळे रिकामा होता.

मग मळ्यातल्या गल्लीत निरुद्देश उभी असताना
एका म्हाताऱ्या जोडप्यानं मला गाठलं.
त्यांच्या पायांवर सत्तरीची लाल धूळ,
तिच्या काखेत क्ष-किरणाचा मोठा पिवळा लिफाफा.
"केंकरे दोतोरालो दवाखानो खंय गो, बाय?"

मला! वर्ध्याच्या बाईला!
पाटी रोज येता-जाता पाहिली होती, म्हणून म्हटलं,
सरळ जा, निळ्या घरापाशी उजवीकडे वळा.
किती ठाम बोलले.
लेखा विभागात बावीस वर्षं काढली,
तिथे सही करतानाही एवढी ठाम नसते.
त्या तोऱ्यातच धक्क्यावर गेले
आणि बेतीच्या फेरीत चढले,
चालत येणाऱ्याला पैसे पडत नाहीत म्हणून.

मांडवीच्या ऐन मध्यावर आठवलं:
डावीकडे.

नदीच्या मध्यावर उतरता येत नाही.
समोर एक पोरगा स्कूटरवर बसूनच कलिंगड खात होता,
बिया पाण्यात थुंकत होता,
आणि माझ्या डोळ्यांपुढे तो पिवळा लिफाफा
उजवीकडच्या चढावर, भर उन्हात, चालत राहिला.

त्याच फेरीनं परत. धक्क्यापासून जवळजवळ पळतच.
निळं घर. डावीकडे.
दवाखान्याला कुलूप,
पाटीवर तळाशी बारीक अक्षरांत:
एक ते चार बंद.

आता सांगायला लाज वाटते, पण
माझा शेवटचा दिवस मी त्या पायरीवर काढला.
समुद्र राहिला. राहू दे.
बाजारातून काजू घ्यायचे होते, शेजारच्या सुलभाताईंना.
तेही राहिले.
सबंध गल्ली झोपली होती,
एक मांजर कुंडीत, एक खिडकीचं दार
वाऱ्यानं उघडायचं, पुन्हा मिटायचं.
आतून कुणाचं तरी घोरणं ऐकू येई,
आणि खरं सांगते, कित्येक वर्षांत
माणूस घोरताना एवढ्या जवळून ऐकला नव्हता.

चार वाजता आले ते. उजवीकडूनच.
सावकाश, पानं चघळत.
म्हातारा म्हणाला, तुम्ही पाठवलंत तिथे खानावळ निघाली.
हुमण झकास होतं. हिनं दोनदा भात घेतला.
म्हातारी लाजली, लिफाफ्यानं वारा घेऊ लागली.
मग माझ्याकडे नीट बघून त्यानं विचारलं,
तुमचा नंबर कितवा?

मी सरकून जागा करून दिली. म्हटलं,
मी नुसतीच बसलेय.
त्याला पटलं नसावं.
तो म्हणाला, आधी तुम्ही जा, आम्हाला घाई नाही.

सहाला टॅक्सी आली. बॅग चौदा किलो,
येताना होती तेवढीच.
एर्मेलिंदाबाई फाटकापर्यंत आल्या,
हातात काहीतरी कोंबलं, कागदात गुंडाळलेलं.
पुलावर उघडून पाहिलं: दोन पोई, अजून कोमट,
आणि मी न्हाणीघरात विसरलेली केसांची पिन.

मोपापर्यंत कायतान बोलत होता,
त्याच्या मेव्हण्याचं, डिझेलचं, बंद पडलेल्या खाणींचं.
कोलवाळ मागे पडल्यावर आरशात बघून म्हणाला,
आज काय पाहिलंत?

दवाखाना, मी म्हटलं.

त्यानं रेडिओ बंद केला,
गाडी थोडी हळू घेतली.
"आतां बरें आसा मगो?"

बाहेर काळोखात काजूची झाडं,
मांडीवर पोई.
हा प्रश्न एवढ्या वर्षांत
फाइल बाजूला ठेवून कुणी विचारलाच नव्हता.
मी जरा वेळ घेतला.

हो, म्हटलं. आता बरं आहे.